श्रमाची खानेसुमारी : प्रस्तावना

अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची हकीकत नोंदविताना मेहकर सरकारातील लोणारचा उल्लेख केला आहे. तीर्थ म्हणून त्या स्थळाची महती त्याने सांगितलीच, पण काच व साबण तयार करण्यास लागणारे द्रव्य तेथील डोंगरांत मिळते आणि तेथील क्षारांपासून राज्यास चांगला महसूल येतो, हेही लिहून ठेवण्यास तो विसरला नाही. सुभ्याच्या दप्तराला जे हवे होते ते त्या नोंदीत आले; मात्र उन्हाळ्यात लोणारच्या सरोवराचे पाणी आटू लागल्यावर तो क्षार खरडून काठावर आणणारे लोक कोण होते, त्याबद्दल त्यांच्या पदरी काय पडे, आणि पाऊस सुरू झाल्यावर उरलेले वर्ष ते कोणत्या कामावर काढीत, याचा मागमूस त्या नोंदीत लागत नाही.

त्यानंतर राज्ये बदलली, दप्तर फारसीतून मोडीत, मोडीतून इंग्रजीत आणि तेथून संगणकावर आले. पण उत्पन्नाची मोजदाद काटेकोर आणि ते उत्पन्न काढणाऱ्या माणसांची मोजदाद ढोबळ, हा रिवाज फारसा बदललेला नाही. देशातील श्रमिक वर्ग आणि अर्थव्यवस्थेची प्रमुख क्षेत्रे या विषयावरील प्रस्तुत लेखसंग्रह वाचकांच्या हाती देताना ही गोष्ट आरंभीच नमूद करणे मला अगत्याचे वाटते, कारण यातील बहुतेक लेखांचा मूळ आक्षेप तोच आहे. खानेसुमारीच्या तक्त्यात एका माणसाला एकच रकाना मिळतो, आणि आमच्याकडचा कष्टकरी माणूस एका वर्षात तीन रकान्यांतून फिरून येतो.

विषयाशी नव्याने परिचय करून घेणाऱ्यांसाठी त्याची सीमा प्रथम आखली पाहिजे. जे काम करतात ते, आणि काम मिळत नसले तरी जे ते शोधतात किंवा करण्यास तयार असतात ते, असे दोन्ही मिळून देशाचे श्रमबल होते. शिकणारा विद्यार्थी, केवळ घर सांभाळणारी स्त्री, थकलेला वृद्ध हे त्याच्या बाहेर धरले जातात, आणि ही रेघ नेमकी कोठे ओढावी यातूनच या शास्त्रातील अर्ध्याअधिक वादांचा जन्म झाला आहे. श्रमबलाची तीन क्षेत्रांत वाटणी करण्याची पद्धत न्यूझीलंडचे अर्थशास्त्रज्ञ ॲलन फिशर यांनी १९३५ साली मांडली आणि कॉलिन क्लार्क यांनी १९४० साली अनेक देशांच्या आकड्यांचा आधार देऊन ती रूढ केली. शेती, पशुपालन, मासेमारी व वनोपज हे पहिले क्षेत्र. कारखानदारी व बांधकाम हे दुसरे. व्यापार, वाहतूक, शिक्षण, सरकारी व खाजगी नोकऱ्या हे तिसरे. राष्ट्र संपन्न होत जाते तशी माणसे पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकतात, असा या मांडणीचा मथितार्थ. पश्चिम युरोपच्या आणि जपानच्या इतिहासात तो पुष्कळ अंशी खरा ठरला. आपल्याकडे तो अर्धाच उतरला आहे. २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार देशात काम करणाऱ्यांपैकी ४६.१ टक्के लोक शेतीत आहेत, आणि देशाच्या एकूण उत्पन्नातील शेतीचा वाटा मात्र १८ टक्क्यांच्या आसपास आहे. त्याहून विचारात टाकणारी गोष्ट अशी की, याच सर्वेक्षणात २०१८-१९ साली शेतीतील प्रमाण ४२.५ टक्के होते. टाळेबंदीच्या वर्षी ते एकदम वाढले आणि ते संकट सरून इतकी वर्षे लोटली तरी पूर्वपदावर आलेले नाही. जी वाट एकाच दिशेने जाते असे पाठ्यपुस्तकात लिहिले होते, त्या वाटेवरून माणसे माघारी आली.

शेतीत अतिरिक्त श्रम पडून असतो आणि वाढती कारखानदारी तो ओढून घेते, हा सिद्धांत आर्थर ल्यूइस यांनी १९५४ साली मांडला, आणि पुढे १९७९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मराठी वाचकाने हे विसरू नये की, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ सालीच, हिंदुस्थानातील लहान शेतजमिनींचा प्रश्न व त्यावरील उपाय या विषयावरील आपल्या इंग्रजी निबंधात, या विचाराचा पाया घातला होता. जमिनीचे तुकडे एकत्र जोडले की शेती सुधारेल असे त्या काळी सर्वत्र बोलले जात असता, शेतीवर विसंबलेल्या परंतु शेतीला न लागणाऱ्या माणसांचा भार हाच खरा रोग होय आणि औद्योगिकीकरण हा त्यावरचा उपाय होय, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. शंभर वर्षांनंतरही त्या निदानात खोट काढता येत नाही. उपाय मात्र पुरा झाला नाही, आणि तो का पुरा झाला नाही, हे समजून घ्यावयाचे तर आकड्यांच्या पलीकडे एखाद्या मुलखाचा इतिहास पाहावा लागतो.

मेहकरचा इतिहास त्यासाठी बरा नमुना आहे. बुलढाणा जिल्ह्यातील, पैनगंगेच्या काठचा हा कसबा मोगलाईत सरकारचे ठाणे होता. येथील मोमीन विणकरांच्या धोतरांचा दूरवर लौकिक होता आणि ते इतके संपन्न होते की, गावाची तटबंदी त्यांनी उभारल्याचे जुन्या गॅझेटियरांत नमूद आहे. पेंढाऱ्यांच्या लुटीने आणि १८०३ च्या दुष्काळाने गावाची दैना केली. त्यातून जे माग पुन्हा चालू झाले त्यांना विलायती गिरणीच्या कापडाने जेरीस आणले. हे येथपर्यंत देशातील शेकडो कसब्यांसारखेच झाले. येथील विशेष पुढे आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, जमाबंदी होऊन शेतकऱ्याचा खातेदार झाला, आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाल्यावर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्या जगाची नजर वळली. लोहमार्ग १८६७ साली नागपूरला जाऊन भिडला, तो पूर्णेच्या खोऱ्यातून, म्हणजे आम्ही घाटाखालचा म्हणतो त्या मुलखातून. १८७० साली खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांनी खामगावच्या कापूसबाजाराचे आणि तेथवर आणलेल्या लोहमार्गाच्या फाट्याचे उद्घाटन केले. जीन, प्रेस, दलाल, अडते, पेढ्या हे सारे घाटाखाली उभे राहिले, आणि घाटावरच्या मेहकर-चिखलीचा कापूस बैलगाड्यांत भरून खाली जाऊ लागला. अशा रीतीने एकाच जिल्ह्यात, एकाच पिकाच्या आधाराने, कारखानदारी व व्यापार घाटाखाली वाढला, आणि घाटावरच्या वाट्याला ते पीक पिकविणेच तेवढे आले. क्षेत्रांची ही विभागणी निसर्गाने केली नव्हती. ती रुळांनी केली. मेहकरला रेल्वे आजतागायत आलेली नाही.

गावांच्या आतली घडी निराळी होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथाला तोड असा दुसरा ग्रंथ या विषयावर मराठीत मला ठाऊक नाही. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग या साऱ्यांनी कुणब्याचे काम वर्षभर करावे आणि खळ्यावर धान्याचा वाटा घ्यावा, ही बलुत्याची व्यवस्था आत्र्यांनी तिच्या गुणदोषांसह वर्णिली. जुन्या गावाविषयी हळवेपणाने लिहिण्याची मराठीत एक परंपरा आहे, आणि ती मला मान्य नाही. बलुत्यात पोटाची शाश्वती होती हे खरे, पण ती शाश्वती जन्माने ठरलेल्या कामाशी, मानापमानाशी आणि अस्पृश्यांच्या बाबतीत उघड वेठीशी बांधलेली होती. ज्यांना ते काम सोडावयाचे होते त्यांना गाव सोडावा लागे. म्हणून बलुते मोडले याचे दुःख करण्यापेक्षा, ते मोडल्यावर त्या माणसांना दुसरे काय मिळाले, हा प्रश्न विचारणे अधिक न्यायाचे आहे. आणि त्याचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत शेतमजुरी असे आहे.

महाराष्ट्रातील विचारवंतांनी या प्रश्नाकडे आरंभापासून लक्ष दिले, ही अभिमानाची बाब होय. रामकृष्ण विश्वनाथ यांनी १८४३ साली हिंदुस्थानच्या प्राचीन व सांप्रतच्या स्थितीवर पुस्तक लिहून देशी धंदे का बुडाले याची मीमांसा केली. दादाभाई नौरोजींनी देशाची संपत्ती बाहेर कशी वाहून जाते याचा हिशेब मांडला, तर न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात, विलायतेतील अर्थशास्त्राचे नियम या देशास जसेच्या तसे लागू पडत नाहीत असे ठासून सांगितले, आणि कारागीर शेतीकडे लोटले जात असल्याबद्दल चिंता व्यक्त केली. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दृष्टी आणखी खाली, थेट खळ्यावर आणि कचेरीच्या ओट्यावर नेली, त्यांच्या लेखी परकीय सरकार आणि गावातील कारकुनी या दोन्हींचा जाच एकाच माणसाच्या पाठीवर होता. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांची गाऱ्हाणी १८८४ पासून संघटितपणे मांडली. धनंजयराव गाडगिळांनी १९२४ साली भारताच्या औद्योगिक विकासाचा इतिहास लिहिला आणि १९३० साली स्थापन झालेल्या गोखले संस्थेतून गावोगावच्या पाहण्यांची शिस्त लावून दिली. आमच्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर यादव माधव काळे यांनी बुलढाण्यास राहून १९२४ साली ‘वऱ्हाडचा इतिहास’ सिद्ध केला. प्रांताविषयी लिहू पाहणाऱ्या कोणालाही त्याच्या दारावरून जावे लागते. या विचारकांत दोन पंथ स्पष्ट दिसतात. एक राष्ट्राकडून माणसाकडे येतो आणि दुसरा माणसाकडून राष्ट्राकडे जातो. प्रस्तुत संग्रह दुसऱ्या पंथाचा आहे.

आता खानेसुमारीकडे वळू, कारण या शास्त्राचे सारे भांडवल तीच होय. १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी ती होत आली, पण दर खेपेस प्रश्न बदलत गेले. १९३१ साली कमावते आणि कामास हातभार लावणारे आश्रित असा भेद केला होता. १९५१ साली लोकांची विभागणी उपजीविकेच्या आठ वर्गांत झाली. १९६१ साली काम हीच कसोटी ठरली. डॅनियल आणि ॲलिस थॉर्नर या दांपत्याने १८८१ ते १९३१ या पन्नास वर्षांचे तक्ते पुन्हा तपासले आणि ज्यावरून कारागिरांची पीछेहाट झाल्याचे सांगितले जाई ते आकडे वर्गीकरणातील घोळ दूर केल्यावर तेवढे बोलके उरत नाहीत, असे दाखवून दिले, तेव्हा मोठा वाद माजला. कारागीर बुडाले नाहीत असे त्यातून सिद्ध होत नाही, कारण १८८१ च्या आधीच पुष्कळ बुडून चुकले होते. पण तक्ता वाचण्याआधी तक्त्याचा प्रश्न वाचावा, हा धडा थॉर्नरांनी सर्वांना घालून दिला.

हा धडा सर्वांत अधिक लागू पडतो तो स्त्रियांच्या बाबतीत. १९६१ साली विचारले गेले ते असे की, हंगामाच्या बहुतेक काळात दिवसाला तासाहून अधिक नियमित काम कोण करते. तेव्हा देशातील स्त्रियांपैकी सुमारे २८ टक्के काम करणाऱ्यांत मोजल्या गेल्या. १९७१ साली प्रश्न बदलला आणि प्रत्येकाचा मुख्य व्यवसाय कोणता एवढेच विचारले गेले. दारात आलेल्या गणकाला घरच्या पुरुषाने सांगितले, ती घरीच असते. आणि कामकरी स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. त्या दहा वर्षांत कोणत्याही बाईने निंदणाचे खुरपे खाली ठेवले नव्हते, कोणाच्याही गोठ्यातले शेण आपोआप उचलले गेले नव्हते. १९८१ पासून मुख्य आणि सीमांतिक कामकरी असा भेद करून, वर्षातील निम्म्याहून कमी काळ काम करणाऱ्यांनाही जागा देण्यात आली, ही दुरुस्ती योग्यच झाली. अलीकडच्या श्रमबल सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ मधील २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेलेला दिसतो. त्याचा आनंद मानण्यापूर्वी एवढे पाहिले पाहिजे की, या वाढीचा मोठा भाग स्वतःच्या शेतात वा घरच्या धंद्यात राबणाऱ्यांचा आहे, आणि त्यांतील पुष्कळजणींच्या हातावर मजुरी म्हणून काहीच पडत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या कालखंडाचे दिग्दर्शन थोडक्यात करतो, कारण तो बहुतेकांस परिचित आहे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने अवजड उद्योगांवर भर दिला. पोलाद झाले, धरणे झाली, पण रोजगार त्या मानाने वाढला नाही. बेकारी मोजावी कशी याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या दांतवाला समितीने १९७० साली सांगितले की, जेथे बहुसंख्य लोक स्वतःच्याच शेतात वा धंद्यात असतात तेथे बेकारीचा एकच आकडा देणे निरर्थक आहे. पुढच्याच वर्षी वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि सार्वजनिक कामे काढून मजुरी देणे हाच गरिबापर्यंत पोहोचण्याचा खात्रीचा मार्ग होय, हा विचार त्यांनी पुढे ठेवला. वि. स. पागे यांच्या मनातली रोजगार हमीची योजना तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ सालीच अजमावून पाहिली गेली होती. १९७२ चा दुष्काळ पडला आणि १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे खडी फोडू लागली, तेव्हा तिची निकड साऱ्या महाराष्ट्राला पटली. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यासाठी शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसविण्यात आला, आणि तो कोणी फारशी कुरकूर न करता भरला. देशातील २००५ च्या रोजगार हमी कायद्याचे मूळ या मराठी कायद्यात आहे.

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने याच सुमारास निराळा सूर लावला. शेतमालाला उत्पादनखर्चावर आधारलेला भाव मिळाला तर शेतकऱ्याच्या आणि मजुराच्याही पोटाचा प्रश्न सुटेल, असे तिचे म्हणणे. भाव आणि मजुरी यांचा संबंध इतका सरळ नाही, असे तिच्या टीकाकारांचे. दरम्यान ना शेतीत ना कारखान्यात अशा माणसांचा एक प्रचंड वर्ग वाढत होता. माथाडी व हमाल यांच्यासाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला, त्यामागे अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांचे संघटनकार्य होते. पण बांधकामावरचा मजूर, घरकाम करणारी बाई, हातगाडीवाला यांची दखल घेण्यास पुष्कळ वर्षे जावी लागली. अर्जुन सेनगुप्ता यांच्या आयोगाने २००७ साली जाहीर केले की देशातील कामकऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक असंघटित आहेत, त्यांना ना रजा, ना निवृत्तिवेतन, ना कामाची शाश्वती.

या साऱ्याहून अधिक बोलका एक आकडा मी वाचकापुढे ठेवू इच्छितो. १९५१ साली देशात जवळजवळ सात कोटी शेतकरी आणि पावणेतीन कोटी शेतमजूर होते. २०११ च्या खानेसुमारीत शेतकरी ११.८८ कोटी आणि शेतमजूर १४.४३ कोटी भरले. मजुरांची संख्या शेतकऱ्यांहून अधिक होण्याचा तो पहिलाच प्रसंग. साठ वर्षांच्या नियोजनानंतर शेतीतून बाहेर पडावयाचा होता तो माणूस शेतीतच राहिला, आणि त्याच्या खात्यावरची जमीन तेवढी गेली.

हे कसे घडते ते मेहकर तालुक्यातील एका हंगामावरून सांगता येईल. तीसेक वर्षांपूर्वी येथील वावरांत ज्वारी आणि कपाशी होती. कपाशीची वेचणी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत तीन-चार वेळा होई, ती बहुतेक बायकाच करीत, आणि किलोच्या हिशेबाने मिळणारे ते पैसे थेट त्यांच्या हाती पडत. त्याआधी पावसाळाभर निंदण असे. कपाशीने जमीन हिवाळाभर अडून राहते, तर सोयाबीन शंभर दिवसांत निघून हरभऱ्याला रान मोकळे करते, या साध्या हिशेबाने शेतकरी सोयाबीनकडे वळला. त्यात त्याचे चुकले असे कोण म्हणेल? पण श्रमाचे सारे पंचांगच त्यामुळे बदलले. निंदण तणनाशकाने गिळले. उरली ती सोंगणी, आणि ती दोन-तीन आठवड्यांत उरकावी लागते, कारण वाळलेल्या शेंगा उन्हात तडकून दाणा मातीत जातो आणि परतीचा पाऊस आला तर उभे पीक काळे पडते. त्या दिवसांत एकराच्या उक्त्याने काम दिले जाते. रात्रीच्या वेळी मुकादमाशी भाव ठरतो, सकाळी आठ-दहा जणांची टोळी विळे घेऊन वावरात उतरते, नवराबायको आणि कधी शाळा बुडवून आलेली मुलगी एकाच उक्त्यात राबतात, आणि मजुरी टोळीच्या नावावर येते, बाईच्या नाही. सोंगून सुड्या लागल्या की मळणीयंत्र येते. ते पोत्यामागे पैसे घेते. बाजार समितीत माल गेल्यावर दाण्यातला ओलावा पाहिला जातो, आणि हमीभावासाठी बारा टक्क्यांची मर्यादा असल्याने पावसात सापडलेल्या शेतकऱ्याला पडेल त्या भावाने व्यापाऱ्याला माल द्यावा लागतो. दिवाळी होते आणि काम संपते. पूर्वी अक्षय तृतीयेला साल ठरवून वर्षभर एका घरी राहणारा सालदारही आता दुर्मिळ झाला, कारण वर्षभराचे काम त्या घरीच उरलेले नाही.

मग तो सोंगणीतला मजूर काय करतो? दिवाळीनंतर तो वाळूज किंवा चाकणला कंत्राटदाराकडे जातो, कारखान्यात किंवा इमारतीवर. लोणार आणि सिंदखेडराजाच्या तांड्यांतील कुटुंबे ऊसतोडीला जातात. उन्हाळ्यात लग्नसराईत तो मंडपवाल्याकडे किंवा कोणाच्या गाडीवर चालक असतो. मृगाला पुन्हा गावी, आपल्या दीड एकरात पेरणीला. पहिले क्षेत्र, दुसरे, तिसरे, पुन्हा पहिले: क्लार्कच्या मांडणीत जो प्रवास राष्ट्र दीर्घकाळात करते तो आमचा माणूस बारा महिन्यांत करतो आणि जेथे होता तेथेच परत येतो. गणक जर सोंगणीच्या दिवसांत आला तर तो शेतमजूर, जूनमध्ये आला तर शेतकरी, आणि जानेवारीत आला तर बुलढाणा जिल्ह्यात तो नसतोच. कर्जाचा बोजा मात्र ऋतू पाहून कमी होत नाही. पश्चिम विदर्भातील शेतकरी आत्महत्यांनी देश हादरल्यावर २००६ साली केंद्राने सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची मदत जाहीर केली, त्या सहांत बुलढाणा होता.

अशा स्थितीत समृद्धी महामार्ग आला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सबंध रस्ता मुंबईपर्यंत पूर्ण झाला. मेहकर आणि लोणार हे दोन्ही तालुके त्याने ओलांडले आहेत. दीडशे वर्षांपूर्वी रुळांनी घाटाखालचा मुलूख निवडला होता. या खेपेस रस्त्याने घाटावरचा निवडला. त्याने जमिनीचे भाव चढविले, काहींना मोबदल्याच्या रकमा दिल्या, आणि जुन्या नागपूर-मुंबई मार्गावर टपरी, धाबा, पंक्चर यांवर पोट भरणाऱ्यांपुढे नवी चिंताही उभी केली. रस्त्यालगत कारखाने आले, गोदामे आली, सोयाबीनवर प्रक्रिया करणारे उद्योग घाटावरच उभे राहिले, तर एका पिढीचे भवितव्य पालटेल. नुसत्या गाड्या भरधाव निघून गेल्या तर मुंबईला जाण्याचा वेळ कमी होईल, एवढेच. यांपैकी कोणती गोष्ट घडेल हे ठरण्याचा काळ हाच आहे, आणि म्हणूनच असा संग्रह आज निघणे मला आवश्यक वाटले.

संग्रहाच्या स्वरूपाविषयी दोन शब्द. यातील सर्व लेखक अर्थशास्त्राचे अध्यापक नाहीत. काहींची हयात महसूल खात्यात गेली, काहींची बाजार समितीच्या आवारात, काहींची शाळेत. प्रत्येकाने आपल्या नजरेसमोरचा धंदा, त्यात राबणारी माणसे आणि त्यांचे वर्षाचे वेळापत्रक यांपासून सुरुवात करून राष्ट्रीय आकड्यांपर्यंत जाण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांच्यात एकवाक्यता नाही. यंत्राने मजुरी हिरावली असे एकजण म्हणतो, तर यंत्र नसते तर शेतकरीच उरला नसता असे दुसरा. तरुणांनी गाव सोडणे हे कोणाला संकट वाटते, कोणाला सुटका. संपादनात हे मतभेद मिटविण्याचा यत्न मुद्दाम केला नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर गाव सोडून जाण्यात वाईट काही नाही. प्रत्येक वर्षी जावे लागणे आणि प्रत्येक वर्षी परतावे लागणे, यात माणसाचा क्षय आहे. ज्याला शहरात घर नाही, मुलांची शाळा नाही, तो शहरात काम करतो एवढेच. तो शहराचा होत नाही. माहिती-उद्योग, बँकिंग, विमा यांसारख्या क्षेत्रांचा विचार या पुस्तकात अपुरा झाला आहे आणि कोकणच्या मच्छीमारांवर तर काहीच नाही. ही उणीव पुढील भागात भरून निघावी.

शेवटी वाचकाला एक विनंती. २०२१ ची खानेसुमारी झाली नाही. जे काही आपण देशाच्या श्रमिकांविषयी गावपातळीवर जाणतो ते २०११ चे आहे, त्यावेळी आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती, समृद्धीची मोजणीही सुरू व्हावयाची होती. पुढील खानेसुमारीची संदर्भ-तिथी १ मार्च २०२७ ही ठरली आहे. मार्च म्हणजे आमच्याकडची कित्येक कुटुंबे ऊसतोडीवर किंवा बांधकामावर असण्याचा काळ. म्हणून ज्याच्या घरचे माणूस बाहेरगावी असेल त्याने, ते जेथे असेल तेथे मोजले गेले की नाही, याची खात्री करून घ्यावी. आणि गणक दारात आला म्हणजे आपण वर्षभरात कोणकोणती कामे करतो ती सर्व सांगावीत. घरातील स्त्री काय काम करते हा प्रश्न आला तर उत्तर तिलाच देऊ द्यावे.

मेहकर